लाऊ पा सात: सिंगापूरमधला आमचा बजाजचा कट्टा

लाऊ पा सात म्हणजे सिंगापूरमधला खाण्याच्या स्टॉल्सचा जुना बाजार. इथल्या साटेबद्दल, म्हणजे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाबद्दल, लिहिणारे भरपूर आहेत, मी वेगळ्या कारणासाठी लिहितेय. परदेशात राहून आपल्या बिझनेस स्कूलच्या जुन्या मुलामुलींना एकत्र आणायचंय आणि भेटायचं कुठे तेच कळत नाहीये, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू.

मी बजाजची. म्हणजे चर्चगेटचं जमनालाल बजाज, १९६५ ला मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डला सोबत घेऊन सुरू केलेलं. लेक्चर संपलं की आम्ही मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो आणि खऱ्या ओळखी तिथेच व्हायच्या, कुठला सीनिअर कुठे लागला, इंटरव्ह्यूत काय विचारतात, सगळं तिथेच कळायचं. सिंगापूरला आले आणि तो कट्टाच गेला. व्हॉट्सॲप ग्रुप होता पण त्यात दिवाळीच्या शुभेच्छा आणि "कोणी रेफर करेल का प्लीज" एवढंच, आणि ज्याचं तोंडही कधी बघितलं नाही त्याच्यासाठी कोण आपल्या बॉसकडे शब्द टाकणार सांगा. पैसे भरून माजी विद्यार्थ्यांचं एक ॲपही वर्षभर वापरलं, त्यात निम्म्या लोकांचे ईमेल जुन्याच कंपनीचे, पाठवला की परत यायचा. मग एका हॉटेलात टेबल बुक केलं, वीस जण येतो म्हणाले आणि आले सात, डिपॉझिट गेलं ते गेलंच. पण मला जास्त लागलं ते हे की नुकतीच नोकरीला लागलेली मुलं बिलाच्या धास्तीने आलीच नाहीत, आणि ग्रुपची खरी गरज त्यांनाच असते.

लाऊ पा सातला हे सगळे प्रश्न सुटले. होक्कियन या चिनी बोलीत नावाचा अर्थ जुना बाजार. आत्ताची इमारत १८९४ ची, अष्टकोनी, बिडाचे खांब थेट ग्लासगोहून बोटीने आणलेले, वर घड्याळाचा मनोरा. चारी बाजूंनी बँकांचे टॉवर, रॅफल्स प्लेस किंवा शेंटन वेला ऑफिस असलेला माणूस चालत पोचतो. संध्याकाळी सातनंतर बाजूचा बून टॅट स्ट्रीट गाड्यांना बंद होतो, रस्त्यावरच टेबलं मांडतात आणि निखाऱ्यांवर साटे सुरू. बुकिंग नाही, जो येईल तो आपलं आपण घेतो आणि आपले पैसे देतो, कोणी नुसता लिंबू सरबत घेऊन दोन तास बसला तरी चालतं. टेबल धरायला टिश्यूचं पाकीट ठेवायचं, इथली हीच पद्धत, आपल्याकडे एसटीत सीटवर रुमाल टाकतात ना तसं. मी सातला टेबलं मांडली की लगेच तीन टेबलांवर तीन पाकिटं ठेवते.

आम्ही महिन्याचा दुसरा बुधवार ठरवलाय. गुरुवार मुद्दाम टाळला, आमच्यातल्या बऱ्याच जणांचं गुरुवारी नॉनव्हेज बंद असतं. आणि वार कधीही बदलायचा नाही, चार जण येवोत नाहीतर चाळीस, हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण दर वेळी पोल टाकून तारीख ठरवणारे ग्रुप मी बंद पडताना बघितलेत.

खाण्यात सात आणि आठ नंबरचा साटे स्टॉल प्रसिद्ध आहे, रांग असते पण पटपट सरकते. चिकन साटे मस्त, सोबतचा शेंगदाण्याचा सॉस आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटतो. शाकाहारी लोकांचे मात्र हाल आहेत, आतल्या भारतीय स्टॉलवर डोसा वगैरे मिळतो तेवढंच, म्हणून वर्षातून दोनदा आम्ही लिटल इंडियात कोमला विलासला भेटतो, १९४७ पासूनचं शुद्ध शाकाहारी. बाकी त्रास म्हणजे पाऊस आला की सगळ्यांना ताटं उचलून आत पळावं लागतं, उकाडा आहेच, आणि ऑफिसच्या शर्टाला धुराचा वास लागतो. गोंगाटही खूप, त्यामुळे एका टेबलावर सहापेक्षा जास्त माणसं बसवू नका, सातव्याला ऐकूच येत नाही.

एक सांगते. गेल्या वर्षी एका ज्युनिअरची नोकरी गेली. इथे एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे परदेशी माणसाचा नोकरीचा परवाना, रद्द झाला की देशात राहायला साधारण तीस दिवस हातात राहतात. तो बुधवारी आला तेव्हा त्याचे बावीस उरले होते. ग्रुपवर त्याने एक शब्द टाकला नव्हता, टेबलावर मात्र एका सीनिअर ताईंनी "काय रे, खात का नाहीयेस" विचारलं आणि तो बोलला. ताईंनी समोरच्या काड्या बाजूला सारल्या, टिश्यूवर चार नावं लिहिली आणि तिथूनच दोघांना फोन लावला. दोन इंटरव्ह्यू झाले, पण नवीन पाससाठी आता कॉम्पास नावाच्या सरकारी गुणपद्धतीत चाळीस पॉइंट लागतात, ते जमेपर्यंत दिवस संपले आणि त्याला पुण्याला परत जावं लागलं. आम्हाला सगळ्यांनाच वाईट वाटलं. पण तो आजही ग्रुपवर आहे आणि इथून कोणी परत जायचं म्हटलं की पुण्यातल्या कंपन्यांमध्ये पहिला फोन तोच लावतो.

जागेला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा पावसाचा कापला. बजाजचेच असायला हवं असं काही नाही, सिंबायोसिसचे, वेलिंगकरचे बरेच जण येतात. टेलोक आयर एमआरटी म्हणजे मेट्रो स्टेशनला उतरा, सातनंतर बून टॅट स्ट्रीटवर या, मराठी ऐकू आलं की तेच टेबल. आणि जेवण झालं की आपला ट्रे उचलून ठेवायचा, तो इथे नियमच आहे.