भंडारदऱ्यात दोन रात्री: आधी धरणाची पातळी पाहा, मग खोली ठरवा

अंब्रेला फॉलचा फोटो पाहून मे महिन्यात भंडारदऱ्याला गेलेल्यांना तिथे बहुतेकदा कोरडा गोल कातळ दिसतो. हा धबधबा डोंगरातून येत नाही. विल्सन धरणाच्या भिंतीतला व्हॉल्व्ह उघडला की पाणी खालच्या कातळावरून छत्रीसारखं पसरतं आणि व्हॉल्व्ह बंद झाला की धबधबाही थांबतो. धरणाजवळच्या शेंडी गावापासून दहाएक किलोमीटरवरच्या रंधा फॉलचा जोरही प्रवरा नदीत किती पाणी सोडलंय यावरच अवलंबून असतो. पावसाळ्यात धरणाचा साठा आणि विसर्गाचे आकडे नगर-नाशिकच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येतात. सहलीची तारीख ते पाहूनच ठरवावी.

धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर आणि साठा ११ टीएमसी (अब्ज घनफूट). हे पाणी मुळात खालच्या तालुक्यांतल्या शेतीसाठी आहे, आपल्या सहलीसाठी नाही. उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं ठरावीक पाणी, सुटलं की जलाशय झपाट्याने मागे सरकतो आणि काठावर भेगाळलेला गाळ उघडा पडतो. एप्रिल-मेमध्ये ‘लेक व्ह्यू’ खोलीचे जास्तीचे पैसे मोजण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. ऑगस्टमध्ये धरण भरत आलं की दृश्य अप्रतिम असतं, पण पंधरा ऑगस्टच्या आसपासच्या शनिवार-रविवारी शेंडीच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग हलत नाही. आमची निवड स्पष्ट आहे: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, आणि तेही मंगळवार ते गुरुवार. जलाशय भरलेला असतो, उतारांवर सोनकी आणि तेरडा असतो, खाचरांत भात निसवलेला असतो, आणि कळसूबाईचा माथा ढगांतून बाहेर येऊ लागतो.

मुंबईहून कसारा घाट चढून घोटीला वळायचं. एकूण अंतर १८५ किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे, आणि नाशिककरांना अंतर ७० किलोमीटरच्या घरात. रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरावं, पण पुढची गाडी आधीच ठरवून ठेवावी. पेट्रोल घोटीत किंवा राजूरला भरून घ्यावं. रोख पैसे जवळ ठेवावेत, कारण रतनवाडी-साम्रदकडे मोबाइलची रेंज जाते आणि मग फोनवरून पैसे देता येत नाहीत.

राहण्याचे दोन प्रकार आहेत. धरणाजवळच्या आणि शेंडीतल्या खोल्या सोयीच्या; म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर दुसरा विचारच नको. जलाशयाकाठचे तंबू फोटोत सुंदर दिसतात, पण पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. तंबू पाण्याच्या रेषेपासून किती वर आहे? किती माणसांमागे एक शौचालय आहे? रात्री पाऊस आला तर पक्क्या छपराखाली जागा मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर बुकिंग करू नये. काठावरची माती पावसाने चिकट होते, खुंट्या सुटतात आणि पाणी तळातून आत शिरतं. हिवाळ्यात पाऊस नसला तरी आपल्याच श्वासाची वाफ कापडाला आतून धरते आणि पहाटे अंथरूण ओलसर लागतं; त्यावर उपाय एकच, वरची जाळी थोडी उघडी ठेवून झोपणं.

पोहण्याचा मोह इथे जिवावर बेतू शकतो. हा मुळात डोंगरांमधल्या दरीत अडवलेला जलाशय आहे. काठ दोन पावलांत खोल जातो आणि गाळात पाय रुततो. होडीतही जाकीट घट्ट बांधल्याशिवाय बसू नये, आणि वारा सुटलेला असेल तर सरळ नाही म्हणावं.

दुसरा पूर्ण दिवस जलाशयाच्या प्रदक्षिणेला द्यावा. शेंडी, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी, असा ४० ते ४५ किलोमीटरचा फेरा होतो. अंतर लहान वाटतं, पण वळणं, खड्डे आणि समोरून येणारी एसटी धरून सहा-सात तास हवेतच. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराला निदान तासभर द्यावा. लोक शिखराचा फोटो काढून निघतात आणि जवळची पुष्करणी, तिच्या कोनाड्यांतल्या मूर्ती पाहायच्या राहून जातात. घाटघरचा कोकणकडा सकाळी लवकर गाठावा, धुकं दाटलं की समोर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. साम्रदजवळची सांदण दरी पावसाळ्यात पूर्ण वर्ज्य. वर पडलेला पाऊस त्या चिंचोळ्या घळीत अचानक लोंढा आणतो आणि बाजूला चढून जायला जागाच नसते.

कळसूबाई (१६४६ मीटर) करायची असेल तर तिसरा दिवस लागतो. बारी गावातून पहाटे निघावं. शिड्या लोखंडी आहेत, पावसात त्यांवर पाय सटकतो.

काजव्यांसाठी येणाऱ्यांचं गणित वेगळं. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या सरींच्या आगेमागे, हिरडा-बेहडा-सादड्याची झाडं लुकलुकतात. नर लुकलुकून मादीला साद घालतो. गाडीच्या दिव्यांनी आणि मोबाइलच्या टॉर्चने ती साद विझते. माद्या बऱ्याचदा खाली गवतात, झुडपांवर असतात आणि फोटोसाठी आत घुसणाऱ्यांच्या पायांखाली चिरडतात. हा परिसर अभयारण्यात येतो, रात्री आत सोडण्याची वेळ आणि नियम वन विभाग ठरवतो. नाक्यावर ते विचारून घ्यावेत, रस्ता सोडू नये आणि दिवे पूर्ण बंद ठेवावेत. एवढं जमणार नसेल तर कृपा करून त्या पंधरवड्यात जाऊ नये.

जेवणाला पूर्ण गुण. पिठलं, ठेचा, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, गावरान कोंबडीचं कालवण. मात्र निदान तीन तास आधी सांगावं लागतं, कारण सांगितल्यावरच चूल पेटते. प्रदक्षिणेच्या दिवशीचं दुपारचं जेवण रतनवाडीतल्या एखाद्या घरी आधीच सांगून ठेवावं. भातही मुद्दाम मागावा: अकोले तालुक्याच्या या पट्ट्यात काळभात पिकतो, साळ काळसर पण दाणा पांढरा आणि वास असा की ताटात वरण येईपर्यंत थांबवत नाही. पुण्याच्या वाटेने परतणार असाल तर राजूरला पेढ्यांसाठी थांबावं. थोडेच घ्यावेत, ताजे असतानाच त्यांची खरी चव.