मुलांच्या मोबाईलवर नजर: कुठली पद्धत कुणाच्या घराला?

ट्यूशनचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, शाळेच्या नोटिसा, फुटबॉलच्या सरावाची वेळ, सगळं मोबाईलवर येतं. त्यामुळे आठवी-नववीतल्या मुलाला फोन द्यावा की नाही, हा वाद बहुतेक घरांत संपल्यात जमा आहे. उरतो तो दिलेल्या फोनवर लक्ष कसं ठेवायचं हा प्रश्न. नातेवाइकांचे फोन लावून द्यायचं काम आमच्या घरात माझ्याकडे असल्यामुळे गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडच्या आईबाबांकडून तो मला सारखा ऐकायला मिळतो. प्रत्येकाला एकच अ‍ॅप सांगून मोकळं होता येत नाही.

पद्धत निवडताना मी एक गोष्ट आधी बघतो. मुलापर्यंत कोण पोचतंय हे ती दाखवते, की मूल काय बोलतंय हे? दारात कोण आलं ते बघणं वेगळं आणि आलेलं पत्र फोडून वाचणं वेगळं. पहिलं आईबाबांचं कामच आहे. दुसऱ्याला तसंच काही कारण हवं.

फोन हातात घेऊन चाळणं

सगळ्यात जुनी आणि फुकट पद्धत. मूल दहा-अकरा वर्षांचं असेल, फोन आईचाच असेल आणि हॉलमध्येच वापरला जात असेल, तर याहून जास्त काही लागत नाही.

चौदाव्या-पंधराव्या वर्षी मात्र गणित बिघडतं. काही पालक मुलाचं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या कॉम्प्युटरला जोडून ठेवतात. मुलानं 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडलं की ते त्याला दिसतं, आणि एका बोटानं तो ते तोडतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप पुसले जाणारे मेसेज आहेत, कुलूप लावलेलं चॅट आहे. म्हणजे ज्याला लपवायचंय त्याचं काहीच सापडत नाही आणि ज्याला नाही त्याचं सगळं वाचलं जातं.

दुसरा तोटा आपल्या छोट्या गावांत जास्त जाणवतो. त्या चॅटमध्ये तुमच्या मुलीबरोबर तिच्या मैत्रिणीही असतात. ओळखीतल्या एका घरी आईनं मुलीच्या फोनवर तिच्या मैत्रिणीचं 'प्रकरण' वाचलं, जत्रेत त्या मैत्रिणीच्या आईच्या कानावर घातलं, आणि दोन दिवसांत अख्ख्या वाड्यावर झालं. मुलीनं वाद घातला नाही. तिनं इन्स्टाग्रामवर दुसऱ्या नावानं खातं उघडलं. आता आईला काहीच दिसत नाही, आणि उद्या एखाद्या अनोळखी माणसानं त्रास दिला तर मुलगी तिला सांगेल अशी आशाही नाही.

गूगल फॅमिली लिंक

अँड्रॉइड फोनसाठी हे फुकट मिळतं. कुठल्या अ‍ॅपवर किती वेळ गेला ते दिसतं, नवं अ‍ॅप घ्यायला पालकांची परवानगी लागते, रात्रीची वेळ ठरवून फोन बंद ठेवता येतो, फोन कुठे आहे तेही कळतं. मेसेज मात्र वाचता येत नाहीत, आणि मला हे त्याचं बलस्थान वाटतं. ते लपूनही बसवता येत नाही. तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकच उघडून देतात. मोठ्या मुलाच्या खात्यावर लावायचं तर त्याला स्वतः संमती द्यावी लागते. त्या निमित्तानं घरात बोलणं होतं, तोही फायदाच.

बाबा बोटीवर आणि आई इथे, अशा तारवटी घरांना हे विशेष सोयीचं. मस्कतला असो की भर समुद्रात, इंटरनेट मिळालं की बाबांना वेळ वाढवून देता येतो. दोन्ही पालकांना हक्क देता येत असल्यामुळे आई एकटी खलनायिका ठरत नाही. सत्तरी-धारबांदोड्याकडे रेंज जाते तिथे एक लक्षात ठेवा: बदललेली सेटिंग मुलाच्या फोनवर लागू व्हायला तो फोन नेटवर यावा लागतो.

लावताना दोन गोष्टी राहून जातात. इन्स्टाग्रामचं अ‍ॅप बंद केलं तरी क्रोममधून इन्स्टाग्राम उघडतं, तेव्हा ती साइटही बंद करायला हवी. आणि व्हॉट्सअ‍ॅपला मिनिटांची मर्यादा घातलीत, तर मित्रांशी गप्पा मारून मिनिटं संपतात आणि ट्यूशनचा निरोप हुकतो. फॅमिली लिंकला ग्रुपाग्रुपांतला फरक कळत नाही. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप मोकळं ठेवून रात्रीची वेळ बांधणं बरं. आयफोन मुलाच्या हातात असेल तर फॅमिली लिंकचा फारसा उपयोग नाही. तिथे अ‍ॅपलचं स्वतःचं 'स्क्रीन टाइम' वापरा.

इन्स्टाग्रामचं टीन अकाउंट

फॅमिली लिंक फोन सांभाळतं, हे खातं सांभाळतं. म्हणून मी दोन्हींना एकमेकांचा पर्याय मानत नाही. भारतात टीन अकाउंट फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं. १८ वर्षांखालच्यांचं खातं मुळातच प्रायव्हेट, मेसेज फक्त ओळखीच्या जोडलेल्या खात्यांकडून, तासाभरानं आठवण, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प. १६ वर्षांखालच्याला यातलं काही सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. वर 'सुपरव्हिजन' सुरू केलंत तर मागच्या सात दिवसांत मुलानं कुणाकुणाशी मेसेज केले ते दिसतं, काय लिहिलं ते दिसत नाही. मी वर जी कसोटी सांगितली तिला हे सगळ्यात जवळ जातं.

पण हा सगळा डोलारा जन्मतारखेवर उभा आहे. बाराव्या वर्षी खातं उघडताना मुलानं १९९८ साल टाकलेलं असेल, तर इन्स्टाग्रामच्या लेखी तो मोठा माणूस आहे आणि यातलं काहीच लागू नाही. कुठलीही सेटिंग करण्याआधी खात्यातली जन्मतारीख मुलासोबत बसून बघा.

माझा पंधरा वर्षांचा भाचा चवथीच्या दिवसांत घुमट आरतीच्या पथकात असतो. पथकाच्या रील्स तोच टाकतो. टीन अकाउंट झाल्यावर माझ्याकडे आला. "मामा, पब्लिक करून दे ना. बाहेर कुणाला दिसतच नाही, लोकांना बोलवणार कसं?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. आई 'नाही' म्हणून मोकळी झाली असती, तर त्यानं जन्मतारीख बदलून नवं खातं काढलं असतं. मुलांना ही युक्ती ठाऊक असते. आम्ही पथकाच्या नावानं वेगळं खातं उघडलं. ते चालवतो पथकातला मोठा माणूस, रील कापून देतो भाचा. त्याचं स्वतःचं खातं प्रायव्हेटच राहिलं. नाच, फुटबॉल, चित्रं, शिगम्याची रोमटामेळ, ज्याला काही दाखवायचंय अशा प्रत्येक मुलाच्या बाबतीत हा तोडगा चालतो.

लपून बघणारी अ‍ॅप

'मुलाला कळणारही नाही' अशी जाहिरात करणारी अ‍ॅप सोडूनच द्या. चोरून नजर ठेवणाऱ्या अ‍ॅपना प्ले स्टोअरवर मनाई आहे, म्हणून ती बाहेरून, फोनचं संरक्षण बंद करून घालायला सांगतात. मग मुलाचे फोटो, मेसेज, ठिकाण एका परक्या कंपनीच्या सर्व्हरवर जातात. यांतल्या एमस्पाय या नावाजलेल्या अ‍ॅपचा डेटा २०१५, २०१८ आणि २०२४ अशा तीन वेळा फुटला. गंमत बघा, आपला २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा कंपन्यांना मुलांचा माग काढायला मनाई करतो, आणि इथे पालक पदरचे पैसे मोजून तेच काम कंपनीला देतात.

बंदी

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, यूट्यूब, स्नॅपचॅटसारख्या ठिकाणी खातं ठेवता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप त्यातून वगळलंय. गोव्यातही तसं काही करता येईल का, याचा अभ्यास सुरू असल्याचं माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी जानेवारी २०२६ मध्ये सांगितलं. कायदा येईल तेव्हा येईल. घरापुरती बंदी बारा वर्षांपर्यंत जमते. पुढे वर्गातल्या मित्राचा फोन असतोच.

मग घ्यावं काय?

बारापर्यंत: फोन घरातल्या मोठ्या माणसाचा, सोशल मीडियाचं खातं नाही, गरज पडली तर फॅमिली लिंक. तेरा ते पंधरा: फॅमिली लिंकवर रात्रीची वेळ आणि अ‍ॅपची परवानगी, इन्स्टाग्रामवर खऱ्या जन्मतारखेचं टीन अकाउंट आणि सुपरव्हिजन, चॅट वाचणं बंद. सोळा-सतराला मी मिनिटांची मर्यादा काढून टाकीन आणि सुपरव्हिजन ठेवायचं की नाही ते मुलाला विचारून ठरवीन. दोन वर्षांत त्याला होस्टेलवर सगळं एकट्यानं सांभाळायचं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनंही २०२१ मध्ये हेच धोरण मांडलं: देखरेख धोक्याच्या प्रमाणात असावी आणि मुलाच्या वाढत्या समजेप्रमाणे बदलावी.

चॅट वाचायची वेळ कधी येते? मूल अचानक खाणं-झोप सोडतं, पैसे मागतं, फोन वाजला की दचकतं, तेव्हा. तेव्हाही त्याला सांगून, त्याच्या शेजारी बसून. फोटोवरून कुणी धमकावत असेल तर काहीही पुसू नका, पैसे देऊ नका, आणि तो फोटो 'पुरावा' म्हणून काका-मामांना पाठवू नका. मुलांचे अश्लील फोटो पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. फोन आहे तसा घेऊन रायबंदरच्या सायबर क्राइम पोलीस स्टेशनला जा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, मुलांच्या मदतीसाठी १०९८ वर. 'टेक इट डाउन' ही फुकट सेवाही आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि तो वापरून इन्स्टाग्राम, स्नॅपचॅटसारख्या कंपन्या तो फोटो हुडकून काढून टाकू शकतात. हे मुलाला आजच सांगून ठेवा, कारण असलं काही घडलं तर आपल्याआधी बऱ्याचदा त्याच्या मित्राला कळतं.