पीसी सारखा बंद पडत होता: कॅनडा कॉर्नरजवळच्या दुकानाचा अनुभव

आधी पैशाचं सांगते, बाकीचं लांबलचक आहे. पहिल्या दुकानात माझे ७,७०० रुपये गेले आणि पीसी होता तसाच राहिला. दुसऱ्या दुकानात १,७३० गेले आणि आज सात आठवडे झाले, मशीन एकदाही आपणहून बंद पडलेलं नाही. हा रिव्ह्यू दुसऱ्याचा. पहिल्याचं नाव घेत नाही. दुसऱ्याचंही घेत नाही, कारण त्यानेच बजावलंय, "ताई, नाव नका टाकू, गर्दी झाली की माझं काम बिघडतं." नाशिकला, शरणपूर रोडला, कॅनडा कॉर्नरच्या आसपास, पहिला मजला, जिन्यात जुन्या कॅबिनेटची चळत. शोधणाऱ्याला सापडेल.

माझं डीटीपीचं काम, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं. पंचवटीत, घराच्या पुढच्या खोलीत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वास्तुशांतीची कार्डं आणि दशक्रियेच्या पत्रिका. रामकुंड जवळ, त्यामुळे हे शेवटचं काम बाराही महिने असतं. लग्नाचं गिऱ्हाईक चार दिवस थांबतं, वर नमुने बघत चहा पितं. दशक्रियेचं थांबत नाही. दहावा दिवस पुढे ढकलता येत नाही ना.

मार्चमधली एक संध्याकाळ सांगते. तिघे भाऊ आईच्या दशक्रियेची पत्रिका करायला आले होते. कोरलमध्ये, म्हणजे मी पत्रिका मांडते त्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेक नाव चढवत होते. मुलगे, सुना, नातवंडं, मग जावयांवरून थोडी कुजबुज, मग व्याही. एकवीस नावं झाली, फोटो बसला, मी प्रिंट दिली आणि स्क्रीन काळी. दोन सेकंदांत मशीन स्वतःच पुन्हा सुरू. सेव्ह केलं नव्हतं. पुन्हा एकवीस नावं, पुन्हा तो फोटो, पुन्हा प्रिंट, पुन्हा काळं. मी रडायच्या बेतात. धाकटा म्हणाला, "आईला आता घाई नाही ताई, तुम्ही सावकाश करा." तिसऱ्या वेळी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली.

दोन्ही वेळा प्रिंट दिल्यावरच बंद पडलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

तोवर पहिल्या दुकानाचे सगळे उपाय करून झाले होते. जानेवारीत तिथे नेलं तेव्हा कॅबिनेट उघडायच्या आधीच निदान झालं, "विंडोज करप्ट आहे." फॉरमॅट, ५०० रुपये. आठवड्याने पुन्हा तेच, पुन्हा फॉरमॅट, पुन्हा ५००. फॉन्ट सगळे नव्याने टाका, मराठी टायपिंगची श्रीलिपी नव्याने चढवा, प्रिंटरची डोकेदुखी वेगळीच. मग "एसएसडी गेलीय", म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, २,८०० ची नवी. मग "कोरलला ग्राफिक कार्ड लागतंच", ३,९००. तिथल्या पोराने मेमरीची टेस्टही केली म्हणे. विंडोजमधली छोटी टेस्ट, वीसेक मिनिटांची, तीत काही निघालं नाही. एक शहाणपण मात्र मी केलं होतं. काढलेली एसएसडी मागून घेतली होती आणि पर्समध्ये ठेवून दिली होती.

दुसरं शहाणपण वहीचं. आमच्या घरात दुधाचा हिशेब वहीत, गॅसची टाकी कधी लावली ते वहीत. मग पीसी कधी बंद पडला तेही मी लिहायला लागले. तारीख, वेळ, काय चाललं होतं, निळी स्क्रीन (विंडोज चुकीचा संदेश दाखवून थांबते ती) की सरळ काळी. दोनतीन ठिकाणी नुसतंच लिहिलं होतं, "ट्यूब लुकलुकली."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नव्या दुकानात गेले. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेले, त्यात कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षात. दुकान म्हणजे एक खोली. टेबलावर तीन उघडी मशीनं, एकाच्या स्क्रीनवर निळ्यावर पांढरे आकडे पळत होते. माझ्या आधी एक कॉलेजचा मुलगा होता, गेम खेळताना त्याचं मशीन उडत होतं. दुकानवाल्या भाऊने त्याला पहिला प्रश्न विचारला, "प्रोसेसर कितव्या जनरेशनचा?" इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिपांना जास्त व्होल्टेज जाऊन त्या हळूहळू खराब होतात, हे प्रकरण २०२४ मध्ये बरंच गाजलं होतं. त्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्यावर मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, काढली, ती मदरबोर्डाच्या बायोस अपडेटमधून येते, आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. मुलाची चिप तेराव्या पिढीची निघाली. भाऊ त्याला म्हणाला, "अपडेट टाकून देतो, पण चिपला आधीच मार बसला असेल तर अपडेटने ती बरी होणार नाही. बिल जपून ठेव, वॉरंटीत दे." नवी चिप विकायची आयती संधी होती. मला तिथेच बरं वाटलं. माझी दहाव्या पिढीची, तिला ती भानगड नाही.

माझी वही त्याने आधी वरवर चाळली, मग खुर्ची ओढून नीट वाचायला बसला. म्हणाला, "ताई, हे दोन आजार आहेत. निळा वेगळा, काळा वेगळा."

मग मशीन लावून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून दाखवला. मशीन अचानक बंद होऊन सुरू झालं की विंडोज तिथे ४१ नंबरची नोंद टाकते, कर्नल पॉवर नावाने. पहिल्या दुकानाने हा ४१ बघूनच काहीबाही सांगितलं असावं. खरं तर ४१ चा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कारण त्यात नसतं. पण नोंद उघडली की आत बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा चूक-क्रमांक, असतो. तो शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बऱ्याचदा करंटच तुटला. आकडा असेल तर निळी स्क्रीन येऊन गेली. माझ्याकडे शून्यवाल्या नोंदी ढीगभर, आणि मध्येमध्ये आकडेवाल्या. कधी २६, कधी ८०, एकदा १०. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट. त्याचं म्हणणं, ड्रायव्हर बिघडला असेल तर तो बहुतेक एकच रड लावतो. दरवेळी वेगळं रडगाणं आलं की त्याचा हात आधी रॅमकडे, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांकडे जातो.

रॅम काढली, सोनेरी पट्टी खोडरबरने पुसली. ही नाशिकची काय, अख्ख्या देशाची पद्धत असावी. बसवली आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम लावला. हा विंडोजच्या बाहेर चालतो. म्हणाला, "रात्रभर चालू दे, उद्या फोन करा."

फोन करा म्हणाला खरं, पण फोन उचलत नाही. हा या दुकानाचा पहिला मोठा दोष. दोन दिवस फोन करून तिसऱ्या दिवशी स्वतःच गेले.

टेबलावर कागदाचा चिटोरा होता आणि त्यावर सगळं लिहिलेलं. माझ्यात आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या. दोन्ही एकत्र लावल्या तर चूक निघाली. पहिली एकटी, चार फेऱ्या, स्वच्छ. दुसरी एकटी, पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ, तिसऱ्या फेरीत लाल ओळी. छोट्या टेस्टमध्ये का सापडलं नाही ते तिथे कळलं. मला वाटलं संपलं, पण चिटोऱ्यावर अजून दोन ओळी होत्या. खराब पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, तिथेही चूक. चांगली पट्टी त्या संशयित स्लॉटमध्ये लावली, स्वच्छ. म्हणजे दोष पट्टीत, मदरबोर्डात नाही. ही उलटापालट केली नसती तर कुणीही मला मदरबोर्ड विकला असता आणि मी घेतला असता. दरवेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची, बस. चिटोरा मी मागून आणलाय, वहीत चिकटवलाय.

पट्टी वॉरंटीत होती. तिच्यावरच्या स्टिकरच्या नंबरावरून त्याने बदलीला पाठवली. बदलून यायला चोवीस दिवस लागले. तोवर त्याने चार जीबीची एक जुनी पट्टी बिनपैशाने दिली. मशीन रडतखडत चाललं, पण चाललं.

पर्समधली एसएसडीही त्याला दाखवली. जोडून बघितली तर ठणठणीत, एकही सेक्टर खराब नाही. काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. आता ती बाहेरून जोडायच्या डबीत घालून मी बॅकअपला वापरते. २,८०० ची डबी म्हणा.

आता काळा आजार. दुकानात मशीन तीन दिवस चालू होतं, त्यावर लोड टाकला, काही नाही. एकदासुद्धा काळं झालं नाही. एसएमपीएसची, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची, बारा व्होल्टची लाइन लोडवर ११.९ दाखवत होती. ११.४ ते १२.६ चालतं म्हणे, म्हणजे एसएमपीएस ठीक. प्रोसेसर ९४ अंशांपर्यंत तापत होता. पंख्यात आमच्या रस्त्याची धूळ, चिपची उष्णता पंख्याकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून पापड झालेली. ती १५० रुपयांत बदलली, तापमान ७१ वर आलं. पण त्यानेच सांगितलं, "याने बंद पडत नव्हतं. ही चिप शंभराच्या आसपास गेली की आधी स्वतःचा वेग कमी करते." आणि मग म्हणाला, "ताई, तुमचं मशीन माझ्याकडे आजारीच पडत नाही. तुमच्या घरी काय आहे ते बघायला लागेल."

४०० रुपये घेऊन घरी आला. खोलीत शिरला, कॅबिनेटकडे बघितलंच नाही. टेबलाखाली वाकला आणि हसायला लागला.

माझा यूपीएस, लाइट गेली की बॅटरीवर मशीन चालवणारा डबा, ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॉटचा. त्यावर पीसी, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर. प्रिंटरही मीच लावलेला, लाइट गेली तर चालू प्रिंट वाया जाऊ नये म्हणून, शहाणपणा करून. लेझर प्रिंटरमध्ये पावडर कागदावर चिकटवायला एक रोलर तापतो, आणि तो तापताना क्षणभर सातआठशे वॉट किंवा त्याहूनही जास्त ओढतो. त्याने मला प्रिंट द्यायला सांगितली. दिली. ट्यूब लुकलुकली, यूपीएस कट्‌ करून वाजला, पीसी काळा. त्याने वहीतलं माझंच वाक्य मला बोटाने दाखवलं.

प्रिंटर तापायला लागला की खोलीतलं व्होल्टेज क्षणभर खाली जायचं. यूपीएसला वाटायचं लाइट गेली, तो बॅटरीवर जायचा. बॅटरी चार वर्षांची, आतून संपलेली, त्यात प्रिंटरचा बोजा. यूपीएस बसायचा, त्याबरोबर पीसीही. एसएमपीएस लाइट गेल्यावर सेकंदाचा जेमतेम साठावा भाग तग धरतो, तेवढ्यात यूपीएसने सांभाळलं तर ठीक, नाही तर गेलं. दशक्रियेच्या पत्रिकेला दोन्ही वेळा हेच झालं होतं.

यूपीएसची बॅटरी बदलली, १,१८० रुपये. प्रिंटरला भिंतीवरचा वेगळा प्लग. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या यायच्या, तेही त्याला सांगितलं. मीटर लावून म्हणाला, तुमच्या बोर्डाला अर्थिंगच नाही, हे माझं काम नाही, वायरमन बोलवा. वायरमनचे पैसे वेगळे गेले, ते वरच्या हिशेबात नाहीत. नवा यूपीएस घेऊ का म्हणून मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नको म्हणाला.

आता तक्रारी. फोनचं सांगितलंच. तीन दिवस म्हणाला, पाच लागले. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितलं की असा बघतो जणू किडनी मागितली. बोलतो फटकळ. माझ्यापुढे एका काकांना म्हणाला, "तुम्ही यूट्यूब बघून आलात ना, मग तिकडेच जा." काका गेले. जिना अरुंद, कॅबिनेट घेऊन चढताना माझे गुडघे बोलले. खाली गाडी लावायला जागा नाही. मॉनिटर न्यायची गरज नाही, त्याच्याकडे आहे. कधी, काय चालू असताना बंद पडतं ते मात्र कागदावर लिहून न्या, नाही तर पहिला दिवस तुम्हाला प्रश्न विचारण्यातच जाईल.

आणि कॅबिनेटच्या झाकणाला चार स्क्रू होते. परत आलं ते तीनवर.