एच अँड एन फिनाले मॅच हेवी: डबी तीच, बंदूक बदलली की निकाल वेगळा

जर्मनीच्या एच अँड एनचे हे 4.5 मिमीचे सपाट तोंडाचे छर्रे. वजन 0.53 ग्रॅम, डबीत 500 नग. दहा मीटर एअर रायफलसाठी घ्यावेत का? जरूर घ्यावेत. पण कोणत्या आकड्याची डबी घ्यायची, हे तुमची नळी ठरवणार. डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा वेगवेगळा मिळतो. रेंजवर शेजारच्याला 4.50 लागू पडला म्हणून आपणही तोच मागवायचा, हा हिशेब इथे चालत नाही. एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांच्या नळ्यांतही केसभर फरक असतोच.

पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या मॅच रायफलीत हा फरक सौम्य असतो. सिलिंडरमधल्या 200 बारच्या हवेचा दाब रेग्युलेटर कमी करतो आणि ती ठरावीक दाबाने सोडतो, त्यामुळे छर्रा किंचित सैल असला तरी वेग सेकंदाला 170-175 मीटरच्या आसपास राहतो. बिघडतो तो ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या छर्ऱ्यांची भोकं एकमेकांच्या किती जवळ पडतात ते.

स्प्रिंगच्या बंदुकीचं गणित वेगळं. तिथे स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि पिस्टन हवा दाबतो. तिथे दाब किती चढणार, यात छर्ऱ्याचाही हात असतो. छर्रा सैल असेल तर तो लवकर सुटतो, पिस्टनपुढे हवेची गादी उरत नाही आणि पिस्टन समोरच्या भिंतीवर आदळतो. आवाज कोरडा येतो, खांद्याला खाडकन धक्का बसतो, आणि असंच चालू ठेवलं तर सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. फार घट्ट असेल तर पिस्टन हवेवरून मागे उसळतो आणि वेग पडतो. धूर आणि जळक्या तेलाचा वास आला तर छर्ऱ्याला दोष देऊ नका. पिस्टनपुढच्या पोकळीत गेलेलं तेल पेट घेतंय. त्या वेळी वाढलेला वेग बघून खूश होणारे बरेच भेटतात. सील मात्र त्यातच जळतं.

खऱ्या काडतुसांचंही असंच आहे. तीच गोळी, तेवढीच दारू. पण एका रायफलीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, घट्ट असेल तर दाब वाढून प्रायमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगीची टोपी) चपटा होतो, बोल्ट (मागची कडी) उघडताना अडतो, आणि दुसरीत काहीच दिसत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या काडतूस फॅक्टरीमुळे आपल्या भागात काडतुसांच्या गप्पा पुष्कळ होतात, पण घरी काडतूस भरणं हा कायद्याच्या कक्षेतला विषय आहे. छर्ऱ्यांत निदान दाबाचा खेळ बिनधोक समजून घेता येतो.

आकडा कसा निवडावा: रायफल शिकंज्यात पक्की बसवा. छर्रा बदलला की पहिले दहा नग मोजायचे नाहीत, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्यायची. मग प्रत्येक आकड्याचे पाच-पाचचे किमान चार ग्रुप, दर वेळी कोऱ्या कार्डावर. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर मोजून त्यातून 4.5 मिमी वजा केले की केंद्र ते केंद्र माप मिळतं. कार्डावरचा दहा गुणांचा ठिपका 0.5 मिमीचा आणि छर्ऱ्याची कड त्याला शिवली तरी दहा, म्हणजे केंद्र मध्यापासून 2.5 मिमीपर्यंत सरकलं तरी चालतं. यातली निम्मी जागा शिकंज्यातच खर्च झाली, तर नेमबाजाच्या हाताला काय उरणार? एकच सुंदर ग्रुप बघून डबी पक्की करू नका; चारांपैकी सर्वांत वाईट ग्रुप बघा.

मोडून भरायच्या देशी एअरगनवाल्यांनी आधी अंगठ्याने छर्रा बसवून बघावा. नुसता ठेवल्यावर आत घरंगळला, तर 4.51 घ्या. तोही सैल जात असेल तर या डबीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

जळगाव-धुळ्याकडे बहुतेक वेळा माल कुरिअरने येतो. डबी आपटली की छर्ऱ्याच्या मागच्या पातळ स्कर्टला पोचे पडतात, आणि पोचा पडलेला छर्रा हमखास भरकटतो. उजेडात धरून मागून बघायचं, गोल नसेल तो बाजूला. पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी चढते, म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

उन्हाळ्याचा धोका सिलिंडरला जास्त. 25 अंशांना 200 बार भरलेला सिलिंडर भुसावळच्या मे महिन्यात बंद गाडीत 60 अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब 223 बारवर जातो. शिवाय सिलिंडरवरची तारीख बघा. कंपनीने दिलेली मुदत उलटली की तो बाद.

आकडा जुळला की डबीवरचा बॅच नंबर (एकाच खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) लिहून ठेवा आणि त्याच बॅचच्या चार-पाच डब्या एकदम मागवा. पुढची बॅच आली की चाचणी पुन्हा पहिल्यापासून.