कार्तिकातली रोपवाटिका: उरुळी कांचन परिसरातल्या तीन फेऱ्या

पुण्यात दिवाळीनंतर पहाटेचा गारवा उतरू लागतो आणि बागेची खरी घाई सुरू होते. आपल्याकडे पारा क्वचितच ८ अंशांच्या खाली जातो, त्यामुळे झाडे झोपी जात नाहीत. उलट गुलाब, पिटुनिया, मेथी, मटार यांचा हाच बहराचा काळ. म्हणूनच या दिवसांत रोपवाटिकेने योग्य वेळी योग्य रोप दिले का, यावर सगळा हंगाम अवलंबून असतो. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या परिसरात अनेक रोपवाटिका आहेत. त्यांपैकी एकीत मी या कार्तिकात तीनदा गेलो, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

पहिली फेरी गुलाबांसाठी होती. तिथल्या माळीकाकांनी मी रोप निवडण्याआधीच पिशवीतली माती बोटांनी बाजूला सारून डोळा भरलेली जागा, म्हणजे जिथे दुसऱ्या गुलाबाच्या मुळासकटच्या खोडावर (खुंटावर) हव्या त्या जातीचा अंकुर बसवून कलम केलेले असते ती जागा, दाखवली आणि लावताना ती मातीच्या वरच राहू द्या, तिच्याखालून फुटणारा खुंटाचा फुटवा दिसताच मुळाशी काढून टाका, असे बजावले. हे न कळल्यामुळे अनेकांच्या कुंड्यांत दोन वर्षांनी कलम मरते आणि नुसता खुंट माजतो. घरच्या जुन्या गुलाबांची ऑक्टोबरमधली छाटणी लांबलेल्या पावसामुळे राहून गेली आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी एका रोपावर प्रत्यक्ष काप घेऊन दाखवला: बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका, आणि लगेच त्यावर बोर्डो पेस्टचा (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक लेपाचा) हात. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटले तरी साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येतात, हा त्यांचा दिलासा मला मोलाचा वाटला, कारण गिऱ्हाइकाला नवे झाड विकण्याऐवजी त्याचे जुने झाड वाचवण्याचा सल्ला देणारे विक्रेते फार भेटत नाहीत.

हंगामी फुलांची रोपेही उत्तम होती. पिटुनियाचे बी इतके बारीक असते की घरी ते उगवून आणणे बहुतेकांना जमत नाही. इथे कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमधली रोपे आखूड पेरांची आणि पांढऱ्या मुळांची होती. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात कुंड्या मांडण्याची ज्यांची इच्छा असते, त्यांनी ही लागवड आणखी लांबवू नये.

भाज्यांच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. वांगी, टोमॅटो, कोबी यांच्या रोपांशेजारी गाजर आणि मुळ्याचीही रोपे विकायला ठेवली होती. ही पिके जागेवरच बी पेरून घ्यायची असतात. रोप हलवताना सोटमूळ दुखावले की गाजर फाटे फुटून वेडेवाकडे होते. नवख्या माणसाला हे सांगणारे त्या भागात कोणी नव्हते. गुलाबांच्या पिशव्यांवर जातीचे नाव नसणे हीदेखील मोठी उणीव आहे. मला ग्लॅडिएटर हवा होता आणि हातात ‘लाल’ एवढीच चिठ्ठी आली.

शोभेच्या झाडांपैकी बरीचशी आंध्र प्रदेशातल्या कडियमहून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. वरून घातलेले पाणी त्याच्या कडेने निघून जाते आणि आतली मुळे कोरडी राहतात. मी आणलेली जास्वंद याच कारणाने आठवडाभर माना टाकून होती. तो गोळा तासभर पाण्यात बुडवून, बाहेरची माती हलक्या हाताने सैल करून, मग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळलेल्या मातीत लावल्यावर तिने नवी पालवी धरली. रोपवाटिकेने ही सूचना विक्रीच्या वेळीच द्यायला हवी.

गुलाब आणि हंगामी फुलांसाठी मी इथे पुन्हा जाईन आणि इतरांनाही पाठवीन, शक्यतो सकाळी दहाच्या आत, माळीकाका मोकळे असताना. गाजर-मुळ्याचे बी मात्र बियाण्यांच्या दुकानातूनच घ्यावे.