आठ महिने बॅश वापरल्यावर: नावातली स्पेस, डॅश आणि 'दुसऱ्या'

आठ महिन्यांपूर्वी फाइलींची सगळी कामं माउस सोडून बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर आज्ञा टाइप करून काम करवून घेणाऱ्या शेलमध्ये, करायला लागलो. पहिल्याच आठवड्यात 'आरएम जुना अहवाल.पीडीएफ' असं टाइप केलं (आरएम ही फाइल पुसायची आज्ञा), अवतरणचिन्हांशिवाय. शेलने स्पेसवर नाव तोडलं. 'जुना' सापडली नाही म्हणून आरएमने कुरकुर केली आणि शेजारची 'अहवाल.पीडीएफ', म्हणजे नेमकी नवी फाइल, निमूटपणे उडवली. रिसायकल बिन वगैरे लाड इथे नाहीत.

तेव्हापासून पूर्ण नाव हाताने टाइप करत नाही. दोन-तीन अक्षरं आणि टॅब. उरलेलं नाव आणि स्पेसआधीचा बॅकस्लॅश शेल स्वतःच घालतो. स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण, न चुकता. नावात डॉलर किंवा उद्गारचिन्ह असेल तर मात्र एकेरीच बरं. डॅशने सुरू होणारं नाव अवतरणात घालूनही आरएमला ऑप्शनच (आज्ञेसोबतची जादा सूचना) वाटतं, कारण अवतरणं शेलच काढून टाकतो, आरएमपर्यंत पोचतच नाहीत. नावाआधी './' लावलं की काम होतं.

लिनक्समध्ये नावात '/' आणि शून्य किमतीचा बाइट सोडून काहीही चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. म्हणून एलएसचं, म्हणजे फाइलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेचं, आउटपुट ओळीओळीने लूपला देणं बंद केलं. फाइली शोधणाऱ्या फाइंडला '-प्रिंट०' आणि ती नावं पुढच्या आज्ञेला देणाऱ्या एक्सआर्ग्सला '-०' दिलं की नावं नव्या ओळीऐवजी त्या शून्य बाइटने वेगळी होतात. दिसायला किचकट, पण अजून एकदाही दगा दिलेला नाही.

मराठी नावांची तऱ्हा वेगळी. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइट्स मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, काना-मात्रा-हलंत धरून. एकटं 'क्षे' १२ बाइट्स खातं. लांबलचक नावं ८५ चिन्हांतच अडतात.

पण खरं डोकं फिरवलं ते 'दुसऱ्या मसुद्या'ने. फाइल समोर दिसतेय, नाव टाइप केलं की 'अशी फाइल नाही'. 'दुसऱ्या'नंतर टॅबही गप्प. शेवटी एलएसचं आउटपुट बाइट्स आकड्यांत दाखवणाऱ्या एक्सएक्सडीतून काढलं तेव्हा उलगडा झाला: मी 'ऱ' टाइप करत होतो, तर नाव देणाऱ्याच्या कीबोर्डने साधा 'र', हलंत आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) घातला होता. पडद्यावर जुळी भावंडं, बाइट्स वेगळे. आता अशा वेळी 'दुस*' लिहितो, तारा म्हणजे पुढे काहीही चालेल. तेवढ्यानेही भागलं नाही तर 'एलएस -आय'ने आयनोड नंबर (फाइल सिस्टिमने फाइलला दिलेला क्रमांक) काढून फाइंडला '-आयनम'मध्ये देतो.

फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट अजून छळतं. मराठी नावाच्या जागी '\३४०\२४४' असल्या आकड्यांची माळ दाखवतं. 'कोअर.कोटपाथ' ही सेटिंग फॉल्स केली की नाव वाचता येतं, पण नव्या मशीनवर ते करायचं दर वेळी विसरतो.