वही, स्प्रेडशीट की ॲप : चलनबाजारातील सौद्यांची नोंद कोठे ठेवावी?

चलनांचे सौदे करणाऱ्याला स्वतःची नोंदवही ठेवायला सांगितले की पहिली शंका हमखास निघते : ब्रोकरच्या प्लॅटफॉर्मवर सौद्याची वेळ, भाव, लॉट आणि नफा-तोटा आपोआप जमा होत असताना तेच पुन्हा का लिहायचे? समजा, युरो-डॉलर १.०८५० ला खरेदी केला आणि स्टॉप लॉस, म्हणजे तोटा ठरावीक भावाला थांबवून सौदा बंद करणारी ऑर्डर, १.०८२० ला लावला. भाव खाली येऊ लागताच धीर सुटला, स्टॉप १.०८०० वर सरकवला आणि सौदा तेथेच कापला गेला. एका स्टँडर्ड लॉटमध्ये, म्हणजे १,००,००० युरोंच्या सौद्यात, या जोडीचा एक पिप, म्हणजे भावातील ०.०००१ चा फरक, १० डॉलरचा असतो. त्यामुळे ठरवलेला ३०० डॉलरचा तोटा ५०० वर गेला. प्लॅटफॉर्मच्या इतिहासात मात्र बहुधा सरकवलेला शेवटचा स्टॉपच दिसतो आणि सौदा अगदी शिस्तीचा वाटतो. म्हणून वही, स्प्रेडशीट आणि तयार ॲप या तिन्ही पर्यायांना मी एकच कसोटी लावतो : सौदा घेण्यापूर्वी काय ठरले होते, याची नोंद त्यात कितपत टिकते?

या कसोटीवर कागदाची वही सर्वांत पुढे राहते. ऑर्डर देण्याआधी ‘खरेदी का, चूक ठरल्यास बाहेर कोठे, बरोबर ठरल्यास किती वेळ थांबणार’ ही तीन वाक्ये हाताने लिहायला दोन मिनिटे लागतात आणि घाईने घेतलेले कित्येक सौदे त्या दोन मिनिटांतच गळून पडतात. शिवाय शाईने लिहिलेले गुपचूप बदलता येत नाही. खोडले तरी खोडलेले दिसते. वही अपुरी पडते ती हिशेबात. साठ-सत्तर सौद्यांनंतर ‘लंडनच्या सकाळी घेतलेल्या सौद्यांचे एकत्रित फळ काय?’ असा साधा प्रश्न पडला, तरी पाने उलटत, बोटे मोजत बसावे लागते, आणि दोन आठवड्यांत माणूस तो प्रश्न विचारणेच सोडून देतो.

स्प्रेडशीटमध्ये हे प्रश्न विचारता येतात, पण त्यासाठी रकाने विचारपूर्वक आखावे लागतात. सर्वांत महत्त्वाचा रकाना पिपचा नसून ‘आर’चा, म्हणजे सुरुवातीला पत्करलेल्या जोखमीच्या पटीत मोजलेल्या निकालाचा आहे. येनच्या जोड्यांत पिप ०.०१ चा आणि इतर बहुतेक जोड्यांत ०.०००१ चा असतो. शिवाय पौंड-येनमधील ४० पिप आणि युरो-पौंडमधील ४० पिप या सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे नुसत्या पिपांच्या बेरजेतून काहीच हाती लागत नाही. याउलट, १०० पैकी ४० सौद्यांत सरासरी २ आर मिळतात आणि ६० सौद्यांत १ आर जातो, असे दिसले तर प्रत्येक सौद्यामागे सरासरी ०.२ आर पदरात पडतात, हे लगेच कळते. अशा फायद्याच्या पद्धतीतही १०० सौद्यांत कधीतरी सलग आठ तोटे होण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. हे आकडे समोर असले की आठव्या तोट्यानंतर चांगली पद्धत टाकून देण्याचा मोह आवरता येतो.

चलनबाजाराचे म्हणून काही खास रकाने आहेत आणि शेअरबाजारासाठी बनवलेल्या आयत्या नमुन्यांत ते सहसा नसतात. युरो-डॉलर आणि पौंड-डॉलर खरेदी करून त्याच वेळी डॉलर-फ्रँक विकला, तर कागदावर तीन सौदे दिसले तरी प्रत्यक्षात डॉलर घसरेल या एकाच अंदाजावर तिप्पट जोखीम घेतलेली असते. म्हणून प्रत्येक नोंदीत डॉलरची दिशा लिहावी. रात्रीपलीकडे सौदा ठेवल्यास स्वॅप, म्हणजे दोन चलनांच्या व्याजदरांतील फरकापोटीचे देणे-घेणे, लागतो आणि बहुतेक जोड्यांत बुधवारी तो तीन दिवसांचा धरला जातो. छोट्या नफ्याचे सौदे आठवडाभर धरून ठेवणाऱ्याला हा वेगळा रकाना चांगलाच अंतर्मुख करतो. वेळेच्या बाबतीतही जपावे लागते. ब्रोकरच्या सर्व्हरची वेळ आपल्या घड्याळाशी जुळतेच असे नाही, त्यातच लंडन आणि न्यूयॉर्क आपली घड्याळे वेगवेगळ्या तारखांना पुढे-मागे करतात, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे दोन्ही शहरांतील अंतर एका तासाने बदलते. नुसती वेळ लिहिण्यापेक्षा ‘लंडन’, ‘न्यूयॉर्क’ किंवा ‘दोन्ही चालू’ असे लिहिलेले बरे.

लावलेला स्टॉप आणि प्रत्यक्षात मिळालेला भाव यांसाठीही दोन स्वतंत्र रकाने हवेत. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरो-फ्रँकवरील १.२० ची किमान पातळी अचानक सोडून दिली, तेव्हा तिच्या किंचित खाली लावलेले अनेकांचे स्टॉप कितीतरी खालच्या भावाला कापले गेले. असा दिवस विरळाच. पण मोठी आर्थिक आकडेवारी जाहीर होण्याच्या क्षणी होणारे दोन-तीन पिपांचे स्लिपेज, म्हणजे लावलेल्या आणि मिळालेल्या भावातील फरक, वारंवार घडते आणि ते वेगळे नोंदवले नाही तर त्याचे खापर पद्धतीवर फुटते. स्प्रेडशीटचा खरा दोष असा की तिच्यात मागाहून सहज फेरफार करता येतो, आणि रविवारी एकदम आठवडाभराच्या नोंदी भरणारा माणूस सौद्यांची कारणे निकाल पाहूनच लिहितो.

तयार ॲपमध्ये सौदे आपोआप उतरतात. सौदा चालू असताना भाव किती विरुद्ध गेला आणि किती बाजूने गेला, हेही काही ॲप दाखवतात. हाताने हे मोजणे अतिशय कंटाळवाणे असल्याने दिवसाला दहा-पंधरा सौदे करणाऱ्याला त्याचे पैसे मोजणे परवडते. खाते जोडताना मात्र केवळ पाहण्यापुरताच अधिकार द्यावा. मेटाट्रेडर या सौदे करण्याच्या प्लॅटफॉर्मवर त्यासाठी इन्व्हेस्टर पासवर्ड वेगळा असतो, मुख्य पासवर्ड कोणालाही देऊ नये. ॲपचा दुसरा धोका त्याच्या देखण्या आलेखांत आहे. पाच वार, तीन सत्रे आणि सहा जोड्या अशी विभागणी केली की ९० चौकटी होतात, आणि त्यांतल्या काही निव्वळ योगायोगानेच सोन्याची खाण भासतात. २० सौद्यांपैकी ११ यशस्वी झाले, म्हणजे प्रमाण ५५ टक्के. पण एवढ्या नोंदींवरून खरे प्रमाण ३५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. आणि माझ्या कसोटीचे काय? कारण लिहिण्याची चौकट ॲपमध्येही असते, परंतु बाकीचे सारे आपोआप भरले जात असल्यामुळे नेमकी तीच रिकामी राहते.

ज्याचे महिन्याला वीस-तीस सौदे होतात आणि ज्याचा प्रश्न मुख्यतः शिस्तीचा आहे, त्याने वही आणि स्प्रेडशीट ही जोडी ठेवावी, असे माझे मत आहे : कारण आणि स्टॉप सौद्यापूर्वी वहीत, आकडे त्याच दिवशी शीटमध्ये, आणि दोन्हीकडे एकच सौदा-क्रमांक. ज्याची पद्धत ठरलेली आहे आणि सौदे शेकड्यांनी होतात, त्याने ॲप घ्यावे. मात्र सर्व नोंदी फाइलच्या रूपात बाहेर काढता येतात का, हे वर्गणी भरण्याआधीच तपासावे, कारण दोन वर्षांच्या नोंदी अडकल्या की न आवडणारे ॲपही सोडता येत नाही.